कुऱ्हाड साबित झाली नाही

आमच्या अदालतीत साहेब बदलायचे, पेशकार बदलत नसे. साहेब हैदराबादहून यायचे, दोन-तीन उन्हाळे कसेबसे काढायचे, इथल्या पाण्यानं पोट बिघडलं म्हणून वर अर्ज करायचे आणि बदली करून घ्यायचे. पेशकार तिथंच. पेशकार म्हणजे साहेबांच्या उंच मेजाखाली, उजव्या हाताला, छोट्या मेजामागं बसणारा माणूस. तो पुकारा करवतो, कागद पुढं सरकवतो, साहेब बोलतील ते लिहून घेतो. तो मी. निजामाच्या राज्यात लागलो आणि राज्य गेल्यावरही त्याच मेजामागं बसलो. शेरवानी जाऊन कोट आला, एवढाच काय तो फरक.

संपादकांनी मागितल्यात त्या ‘अदालतीतल्या गमती’. गमती माझ्याकडं पुष्कळ आहेत आणि लग्नाच्या पंगतीत बसलो की मी त्या न विचारता सांगतो. पण लिहायला बसलो तेव्हा गंमत सुचेना. एकच गोष्ट सुचत राहिली, आणि ती सांगायची मला लाज वाटते. कुठली अदालत, कोण साहेब, हे मी सांगणार नाही. माणसांची नावंही बदललेली आहेत. जिल्हा तेवढा आपला धाराशिवचा, त्याला इलाज नाही.

बाहेरच्या माणसाला आधी कामाची रीत सांगायला हवी. त्या काळी अदालतीचा सगळा कारभार उर्दूत. साक्षीदार मराठीत बोलणार, साहेबांना मराठी कळणार नाही किंवा अर्धीच कळणार, मधे पेशकार. निकालही उर्दूत वाचला जाई. पिंजऱ्यातला माणूस तोवर आढ्याकडं बघत उभा. वाचून झालं की साहेब माझ्याकडं मान हलवत, आणि मी उठून त्या माणसाला त्याच्या भाषेत निकाल सांगत असे. बाकीचे पेशकार ‘सहा महिने, चल’ एवढं बोलून खाली बसायचे. मी तसा नव्हतो. मी पुरा निकाल सांगायचो, कारणांसकट, कोणाची साक्ष का मानली आणि कोणाची का नाही तेही. माझा आवाज खणखणीत होता. लोक दारात दाटीनं उभे राहून ऐकायचे आणि बाहेर जाऊन म्हणायचे, ऐकावं तर ह्या पेशकाराकडनं. हे मला ऐकू येत असे आणि बरंही वाटत असे.

पेशकाराचं दुसरं एक काम होतं, ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. शिक्षा किती द्यायची हे साहेबांच्या हातात. पण नव्या साहेबाला इथला अंदाज कुठून असणार? काठीनं डोकं फुटलं तर ह्या मुलखात किती देतात, विळ्यानं हात कापला तर किती, पहिलाच गुन्हा असेल तर किती कमी करतात? साहेब मग मेजावरून खाली वाकून हळूच विचारत, “पेशकार साहब, हमेशा क्या होता है?” आणि मी सांगत असे. आधीच्या साहेबांनी काय दिलं, त्याच्या आधीच्यांनी काय दिलं, ते सगळं माझ्या डोक्यात. शिक्षेचा सगळा भावच म्हणा ना, माझ्याजवळ होता. साहेब त्याला बांधलेले नव्हते. पण बहुतेक जण त्याच्या आसपास राहत.

त्यात माणुसकीला जागा होती. मारामारीत सापडलेले दोघे भाऊ एकदा समोर उभे होते. थोरल्याला नऊ महिने, धाकट्याला सहा. मी निकाल सांगितला, तर थोरला हात जोडून म्हणाला, “साहेब, आमा दोघांस्नी सारकीच द्या. आई म्हातारी हाय. न्ह्यायला दोनदा कुठं यील ती?” मी ते उर्दूत सांगितलं. साहेब हसले, आणि सही व्हायची होती म्हणून थोरल्याचे तीन महिने तिथल्या तिथं उतरवले. धाकटा म्हणाला, “माजे वाढवले न्हाईत न्हवं?” सगळी अदालत हसली.

पण खोटं कशाला बोलू, हा भाव सगळ्यांना सारखा लागत नसे. बड्या घरातल्या पोरानं कोणाचा हात मोडला की साहेब विचारत, घराणं कसं आहे? मी सांगे, चांगलं आहे. घराणं खरंच चांगलं असायचं. त्यांच्याकडची आंब्याची पाटी आमच्याही घरी यायची. पोरगा दंडावर सुटे. तोच हात मांगवाड्यातल्या कोणी मोडला असता तर साहेब घराणं विचारत नसत आणि मीही आपणहून काही सांगत नसे. ह्या भावाच्या बाजूनं बोलायचं तर हेही सांगायला हवं.

आता दुसऱ्या तऱ्हेची कलमं. बहुतेक कलमांना नुसतं वरचं माळवद असतं: जास्तीत जास्त इतकी वर्षं, त्याच्या खाली साहेबांनी वाटेल तिथं उभं राहावं. मोजक्या कलमांना जोतंही असतं: इतक्या वर्षांपेक्षा कमी नाही. त्याच्या खाली साहेबाला पाय टाकता येत नाही, मग समोरचा माणूस कसाही असो. लुटीच्या वेळी हत्यार वापरलं तर सात वर्षं, हे असं एक जोत्याचं कलम होतं. ते पुढं आलं की साहेब माझ्याकडं वाकत नसत, कारण विचारण्यासारखं काही उरलेलंच नसे.

माझी नात लातूरला वकिली करते. ती म्हणते, आजोबा, जोतं हवंच, नाहीतर तुमची आंब्याची पाटी चालू राहते. तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. म्हणून मी तिला फक्त बिरूची गोष्ट सांगितली.

बिरू हा तेरणाकाठचा धनगर, ऐन पंचविशीतला. त्याच्या मेंढरांच्या खांडात एक एडका, म्हणजे मेंढा, होता, त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. बिरू बायकोला आणायला सासरवाडीला गेला असताना थोरल्या भावानं तो एडका तेरच्या बाजारात एका दलालाला विकून टाकला. घर एकत्र, भाऊ कर्ता; विक्रीत खोट काही नव्हती. बिरू परत आला, त्याला कळलं, आणि तो तसाच धावत बाजाराच्या वाटेला लागला. वाटेत एडका घेऊन निघालेला दलाल भेटला. बिरूनं त्याला अडवलं, ढकललं, एडका हिसकावला, खांद्यावर टाकला आणि घरी आणून बांधला. लपवलाही नाही. दुसऱ्या दिवशी अमीन, म्हणजे पोलिसांचा अंमलदार, आला तेव्हा एडका दारात चरत होता.

दलालाला खरचटलं होतं, बाकी काही नाही. पण बिरूजवळ कुऱ्हाड होती. आमच्या भागात धनगर कुऱ्हाडीशिवाय घराबाहेर पडत नाही. मेंढरांना पाला तोडायचा असतो, वाटेत लांडगा असतो. साहेबांनी विचारलं, “कुऱ्हाड होती का तुझ्याजवळ?” मी ते मराठीत विचारलं. बिरू म्हणाला, “कुराड न्हाय तर काय पाटी-पेन्सल घिऊन हिंडू?” त्याच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

आता प्रश्न एवढाच होता: कुऱ्हाड नुसती खांद्यावर होती, की तिचा धाक घातला? नुसती असेल तर साधी लूट, शिक्षा साहेबांच्या हातात. धाक घातला असेल तर सात वर्षं, गुलबर्ग्याचा तुरुंग. बिरूची बायको दारात बसलेली असे. तिला सातवा महिना होता.

दलाल म्हणाला, कुऱ्हाड उगारली, मला कापायलाच निघाला होता. दलालाचं बोलणं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तो त्याच वाटेवर आपला जोडा हरवल्याचंही सांगत होता आणि जोडा त्याच्या पायात होता. पण वाटेवर तिसरा माणूस होता. हुसेनचाचा मणियार.

हुसेनचाचा पन्नाशीचे. बांगड्यांची पेटी पाठीला लावून पाच-सहा गावं पायी करायचे. मणियार म्हणजे ज्याला घराच्या माजघरापर्यंत मुभा. गावातल्या लेकीसुनांचे हात त्याच्या हातात येतात. बांगडी भरता भरता बायका त्याला काय काय सांगतात. ह्या घरातलं त्या घरात न्यायचं नाही, हे ज्याला जमलं तोच मणियार टिकतो. चाचांना ते जमलं होतं. म्हणून बांधाचं भांडण असो की सोयरिकीतला शब्द, हिंदू असो की मुसलमान, लोक म्हणायचे, हुसेनचाचाला बोलवा, तो काय म्हणतो बघा. त्यांच्या शब्दावर भांडणं मिटायची. दुसरी इस्टेट त्यांच्याजवळ नव्हती.

सरकारी वकिलानं विचारलं आणि चाचांनी सांगितलं. “कुराड खांद्यावर हुती. मंग हातात घेतली. उगारली न्हाय. ‘एडका सोड, न्हाय तर बग,’ म्हनला. दलालानं सोडला.”

बिरूचा वकील उठला. त्यानं चाचांना निसटायला बरीच वाट करून दिली. “चाचा, तुम्ही लांब होता ना?”

“न्हाय बा. ह्या भितीपासनं त्या भितीवर.”

“ऊन डोळ्यांवर असेल.”

“ऊन पाठीवर हुतं.”

वकील चिडला. “ह्या माणसाचं भलं व्हावं असं वाटत नाही का तुम्हाला?”

“वाटतंय की. ह्येच्या बायकूला लग्नाचा चुडा म्याच भरलाय. लई गुनाचं पोरगं हाय.” चाचांनी बिरूकडं बघितलं. बिरूनं मान हलवली, जणू तो म्हणत होता, सांगा, खरं तेच सांगा. “पन शपथ घिऊन इचारायलाव, तर दुसरं काय सांगू?”

मी ते जसंच्या तसं उर्दूत उतरवलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

त्या वेळचे साहेब मनानं मऊ होते. पोटाच्या दुखण्यानं त्यांना खिचडी आणि ताकाशिवाय काही चालत नसे, आणि दुपारच्या सुट्टीत ते मला आपल्या खोलीत बोलावून समोर बसवत. त्या दिवशी त्यांनी खिचडीला हात लावला नाही. म्हणाले, एका मेंढ्यासाठी सात वर्षं? त्या दलालाला सात दिवस ताप आला असता तर जास्त त्रास झाला असता. मी काय करू? मग सवयीनं, उत्तराची आशा न ठेवता, त्यांनी विचारलं, “हमेशा क्या होता है?”

मी म्हणालो, “हुजूर, अशा मुकदम्यांत कुऱ्हाड सहसा साबित होत नाही.”

यात मी काही नवा शोध लावला नव्हता. जोत्याचं कलम फार बोचायला लागलं की त्यातून वाट काढायची रीत सगळ्या अदालतींत होती. कधी पोलीस जवान पंचनाम्यात हत्यार लिहायलाच विसरायचा, कधी हत्याराऐवजी काठी यायची. कायद्याला जोतं होतं, म्हणून आम्ही खालून जमीनच उकरायचो. आणि आम्हाला ते पुण्याचं काम वाटायचं. फक्त एरवी कुऱ्हाड कागदावरच हरवायची आणि कोणाला खोटं पाडावं लागत नसे. ह्या वेळी कुऱ्हाड मेजावर होती, तिच्या दांड्याला लोकर चिकटलेली होती, आणि ती हातात घेतलेली बघणारा माणूस शपथेवर बोलून गेला होता. मधे होते ते फक्त हुसेनचाचा.

निकालात साहेबांनी लिहवलं की दलाल हा स्वतःच फिर्यादी, त्याचं बोलणं वाढवलेलं. आणि साक्षीदार हुसेन हाही बाजारात माल विकणारा, त्याचा ओढा व्यापाऱ्याकडं असणं साहजिक. त्याची साक्ष विश्वास ठेवण्यालायक नाही. म्हणून कुऱ्हाडीचा वापर साबित होत नाही. एक वर्ष.

मी उठलो. त्या दिवशी दारात नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. बिरूच्या गावाहून माणसं आली होती. चाचाही होते, त्यांना थांबायचं कारण नव्हतं, पण बिरूचं काय होतं ते बघायला थांबले होते. मी ‘एक वर्ष’ एवढं सांगून खाली बसलो असतो तर चाललं असतं. साहेबांनी मान हलवली होती ती शिक्षा सांगण्यासाठी. पण मी पुरा निकाल सांगणारा पेशकार. मी माझ्या खणखणीत मराठीत सांगितलं, “साक्षीदार हुसेन मणियार यांची साक्ष विश्वास ठेवण्यालायक नाही.” मग सांगितलं, “एक वर्ष.”

बिरूची बायको जमिनीवर डोकं टेकून रडायला लागली. लोकांनी बिरूला उचलून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आमच्या कचेरीतल्या एकानं पेढे आणले. मीही खाल्ला.

संध्याकाळी मी निघालो तर चाचा व्हरांड्यात पेटी टेकवून उभे होते. म्हणाले, “सजा कमी झाली, लई ब्येस झालं बगा. अल्लानं ऐकलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “पन पेशकार साहेब, म्या काय खोटं बोललो?”

“नाही हो चाचा. ते कायद्यासाठी लिहावं लागतं. मनावर घेऊ नका.”

“म्या न्हाय घेत. पन गावानं ऐकलं की. तुमी लई मोट्यानं बोलता.”

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि सायकल काढली.

आधी थट्टाच झाली. चाचा गावात शिरले की पारावरचे म्हणत, आले बघा सरकारमान्य खोटारडे. चाचाही हसायचे. मग एका बांधाच्या भांडणात ते एकाच्या विरुद्ध बोलले, तर तो उसळून म्हणाला, ह्याचं कोन ऐकतंय, सरकारनंच ह्याला खोटा ठरिवलाय, मोट्यानं वाचून दाखिवलंय. पंच गप्प बसले. भांडण मिटलं नाही. त्यानंतर चाचांना पंचांत बोलावणं कमी झालं आणि मग थांबलंच. काही घरांत त्यांना माजघराऐवजी ओसरीवर बसवायला लागले. बायका बांगड्या भरून घेत, पण बोलत नसत. जो अदालतीत खोटं बोलला तो आपलं बोलणं पोटात ठेवील कशावरून?

हे मला उरुसात कळलं, चाचांकडूनच. त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं, धंदा कसा आहे, आणि ते सांगत गेले. मला घास गोड लागेना. मी साहेबांकडं गेलो. ते वाक्य निकालातून काढता येईल का? साहेबांना वाईट वाटलं. पण ते म्हणाले, निकाल आता माझा राहिलेला नाही, वरच्या अदालतीतच बदलेल. साक्षीदार खरा ठरला की कुऱ्हाड साबित झाली. कुऱ्हाड साबित झाली की सात वर्षं. ते वाक्य म्हणजे त्या पोराच्या वाचलेल्या सहा वर्षांच्या खालची वीट आहे, पेशकार साहेब; ओढून बघा.

मी चाचांच्या गावी गेलो आणि हे सगळं त्यांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही वर अर्ज करू शकता, मी लिहून देतो. पण मग बिरूचं असं होईल. चाचा दारात बसून फुटक्या बांगड्या निवडत होते. निवडत राहिले.

“त्येला पोरगा झालाय,” ते म्हणाले. “मागल्या बाजारी म्याच बघून आलो. ऱ्हाऊ द्या.”

“पण चाचा, तुमचं नाव...”

“ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हवं.”

बिरू वर्षानं सुटला. तो चाचांच्या दारी गेला, पाया पडला, गावभर सांगत सुटला की चाचा खरं बोलले होते, कुराड म्या घेतलीच हुती हातात. लोक म्हणाले, गप बस, परत आत जाशील. चाचांनीही त्याला गप्प बसवलं.

पुढं दुसरी मोठी लढाई, जर्मनीची, संपत आली होती तेव्हाची गोष्ट. साहेब बदलले होते, पेशकार मीच. त्याच भागातल्या एका मोठ्या घरातल्या पोरानं भिवा नावाच्या गड्याला सकाळच्या वेळी विहिरीपाशी कुऱ्हाडीनं जिवे मारलं. कारण काय तर पाणी आधी कोणी घ्यायचं. भिवाची बायको यसू घरी होती. बघणारं एकच माणूस होतं, वाटेनं पेटी घेऊन जाणारे हुसेनचाचा. त्यांनी अमीनाला सगळं सांगितलं, नावासकट.

मुकदमा उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलानं बिरूच्या निकालाची नक्कल मागितली. नक्कल देणं माझं काम. मी दिली. वकील तो कागद मेजावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवून बसला.

साक्षीआधी व्हरांड्यात मी चाचांना गाठलं. म्हटलं, “चाचा, आज बोला. यसूचं तुमच्याशिवाय कोणी नाही.”

ते म्हणाले, “बोललो तर वकील त्यो कागद वाचंल. मंग साहेब म्हनतील, ह्यो खोटा. मंग तुमी उटून मोट्यानं सांगताल, ह्यो खोटा. मारनारा तसा बी सुटंल, असा बी सुटंल. पन म्या दुसऱ्यांदा खोटा व्हनार. आमची लेक उजवायची हाय, पेशकार साहेब.”

मी शेरवानीची बटणं लावली आणि आत गेलो.

चाचांनी शपथ घेतली. सरकारी वकिलानं विचारलं. चाचा खालच्या आवाजात म्हणाले, “म्या काय बी बगितलं न्हाय.” अमीनाला सांगितलेलं? “सांगितलं न्हवतं.” विहिरीपाशी कोणी होतं का? “कोन बी न्हवतं.” आरोपीच्या वकिलानं नक्कल उघडलीसुद्धा नाही, घडी घालून परत पिशवीत टाकली. त्या माणसाला मी इतकी वर्षं ओळखत होतो. तो खोटं बोलताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं, कारण तो कधी बोललाच नव्हता. मी लिहून घेतलं.

नवे साहेब कडक होते, भरभर निकाल देत. त्यांनी लिहवलं की हा साक्षीदार साधा माणूस दिसतो, साक्षीचा धंदा करणारा नव्हे, कोणाची भीड न बाळगता बोलला. त्याच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायला कारण नाही. पुरावा नाही. आरोपी सुटला. मग साहेबांनी माझ्याकडं मान हलवली.

मी उठलो. ह्या वेळीही मला दोनच शब्दांत सांगता आलं असतं. पण यसू पुढं येऊन कठड्याला धरून उभी होती आणि तिला कळायला हवं होतं की असं का झालं. मी सांगितलं. आवाज पूर्वीसारखा निघाला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

यसूनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं मला विचारलं, साहेबांना नाही, मलाच. “मंजी साहेब, हुसेनचाचा खरं बोलले?”

चाचा दाराशी उभे होते. पेटी पाठीला लावायची म्हणून त्यांनी दोर हातात घेतला होता.

अदालतीचं म्हणणं तेवढं सांगायचं, आपलं नाही, ही पेशकारीची पहिली शिकवण. मी म्हणालो, “होय बाई. खरं बोलले.”